साडूच्या साहेबांची शांतता

जगात शांततेहून मोठं काही नाही, असं मी गेली सव्वीस वर्षं विद्यापीठात शिकवतो आहे. माझी अट एकच: ती माझ्या साडूमुळे नांदता कामा नये.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो देशाच्या प्रमुखांची भाषणं लिहितो. त्यांना तो आमच्या घरातसुद्धा 'साहेब' म्हणतो, आणि म्हणताना बसल्या जागी किंचित उठतो. गेल्या वर्षी साहेबांनी शेजारच्या देशाशी सोळा वर्षं चाललेली सीमेवरची लढाई थांबवली, आणि जगातला सर्वांत मोठा शांतता पुरस्कार त्यांना मिळावा की नाही, यावर जो तो बोलू लागला. आमच्या विभागाच्या चहाच्या खोलीत मी रोज 'मिळू नये' या बाजूने बोलत असे. माझे मुद्दे तात्त्विक होते. करार घाईचा आहे, सीमा आखलेलीच नाही, कैदी सुटलेले नाहीत. पुरस्कार मिळाला तर साडू समारंभाला जाईल आणि तिथल्या खुर्च्यांच्या गाद्यांचंसुद्धा वर्णन मला मरेपर्यंत ऐकवेल, हा मुद्दा मी तिथे मांडत नसे.

तो घरी बायको मांडायची.

"धाकटीने समारंभासाठी कोट शिवायला टाकलाय," ती म्हणाली. "अजून नाव गेलं नाही, आणि ही गुडघ्याला बाशिंग बांधून तयार!"

"कुठल्या रंगाचा?"

"करडा. मी घेणार होते तसा."

रविवारी दुपारी साडू फाईल घेऊन आला. या पुरस्कारासाठी नाव सुचवायचा अधिकार मोजक्याच लोकांना असतो. त्यांत विद्यापीठातले इतिहासाचे नाहीतर राज्यशास्त्राचे प्राध्यापक येतात. मी राज्यशास्त्राचा.

"साडूबुवा, तुमची एक सही हवी होती."

"माझीच का? तुझ्याकडे तर प्राध्यापकांची रांग असेल."

"होती ना. एक निवृत्त झाले. दुसरे साहेबांवर रुसलेत. तिसरे म्हणाले, अहो, तुमच्या घरातच एक आहे की."

"म्हणजे मी चौथा."

"शेवटचा म्हणा. मुदत शुक्रवारी पाचला संपते."

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "काय केलंय तुझ्या साहेबांनी? परवाच तिकडे गोळीबार झाला."

"तो किरकोळ होता. त्याची करारात तरतूद आहे."

तो चहाला थांबला. समोर फाईल होती आणि त्याच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून मी ती चाळली. दुसऱ्या पानावर 'साहेबांचं मूलभूत योगदान' असं शीर्षक होतं, आणि खाली साहेबांचं सूत्र: आधी दारं, मग सीमा. दोन्ही देशांमधून एक कालवा जातो. सीमेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कालव्याची दारं कुणी, किती वाजता उघडायची एवढंच ठरवायचं. रोज सकाळी मिळून दार उघडणारी माणसं दुपारी एकमेकांवर गोळ्या झाडायला कचरतात.

"हे माझं आहे!" मी ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

चौदा वर्षांपूर्वी विभागाच्या नियतकालिकात मी नेमका यावरच लेख लिहिला होता. तो तिघांनी वाचला होता: मी, मुद्रितशोधकाने, आणि आत्ता कळलं त्याप्रमाणे साडूने.

"तुमच्याकडे एकदा जेवायला उशीर झाला होता," तो म्हणाला. "समोर काहीतरी पडलेलं होतं, ते वाचलं. मला काय माहीत, तुमचं आहे ते?"

"वर माझं नाव होतं!"

"मी मधूनच वाचायला घेतलं."

"डोकं मी झिजवायचं आणि आयत्या बिळावर तू नागोबा!"

"नागोबा मी कुठला, साडूबुवा? मी फक्त लिहून देतो. नागोबा साहेब," असं म्हणून तो सवयीने किंचित उठला.

त्या क्षणी माझं कराराबद्दलचं मत बदललं. इतकी मूलगामी शांतता या शतकात झालीच नव्हती. सीमा आखली नाही हीच तर खरी दूरदृष्टी होती. मी सही करायला तयार झालो. मात्र पत्र मीच लिहिणार, आणि पाठवणारही मीच.

साडूला एक पान हवं होतं. शुक्रवारपर्यंत नऊ पानं झाली, एक्केचाळीस तळटीपांसकट. त्यांतल्या अडतीस माझ्याच लेखांकडे बोट दाखवत होत्या, पण त्याला माझा इलाज नव्हता. या विषयावर दुसऱ्या कुणी काही लिहिलेलंच नाही.

बायकोने पत्र शेवटपर्यंत वाचलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिने माझं काही शेवटपर्यंत वाचायची ही पहिलीच वेळ.

"अहो, यात साहेब कुठे आहेत?"

"सहाव्या पानावर."

"तिथे तर तुम्ही लिहिलंय, त्यांना तुमचा मुद्दा नीट कळला नाही."

"थोड्या त्रुटी दाखवाव्या लागतात. नुसती स्तुती कुणी गंभीरपणे घेत नाही."

"आणि हे? 'या शांततेचं श्रेय निर्विवादपणे प्रस्तुत लेखकाकडे जातं.' प्रस्तुत लेखक म्हणजे तुम्हीच ना?"

"शास्त्रीय लेखनात 'मी' म्हणत नाहीत," मी सांगितलं, आणि पाच वाजायला वीस मिनिटं असताना पत्र पाठवून दिलं.

चहाच्या खोलीत मी आता 'मिळायलाच हवा' या बाजूने बोलू लागलो. कायदा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर, गेल्या आठवड्यापर्यंत तर तुम्ही करार फाडायला निघाला होतात."

"अभ्यासाने मत बदलतं," मी म्हणालो. बाईंनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. त्या नेहमी वाद असाच मिटवतात.

तीन आठवड्यांनी पुरस्कार समितीचं उत्तर आलं. आपलं पत्र मिळालं. छाननीत ते अर्जदाराने स्वतःसाठी केलेलं नामांकन असल्याचं आढळलं. नियमानुसार अशी नामांकनं बाद होतात.

साडूचा फोन आला. "साडूबुवा, साहेबांचं नाव यादीतच नाही! मी साहेबांना काय सांगू?" बहुधा तिकडे तो उभाच असावा.

"थांब, मी समितीला खुलासा पाठवतो," मी म्हणालो. चार पानं लिहून झाल्यावर पत्ता बघायला त्यांचं पत्र पुन्हा उघडलं.

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे पत्र संगणकाने आपोआप पाठवलेलं आहे, आणि त्याला आलेली उत्तरं कुणी वाचत नाही.