कुंकवाच्या काचेतून

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, मित्रांनो. माझी गोष्ट सलग नाही. टेप जिथे शाबूत आहे, तिथेच मला आठवतं.

००:००:०७
श्रावण, १९९८. डोळा उघडला तेव्हा समोर झुलालभाऊंची मिशी होती. बोरी नदीकाठच्या गावांत ते लग्नांचं शूटिंग करत. त्यांचा आधीचा कॅमेरा खांद्यावर बसायचा; मी मुठीत मावायचो. माझी टेप काडेपेटीएवढी. हे दाढीचं मशीन कुठून आणलं, असं शेजारच्या सुपडूआबांनी विचारलं आणि सगळी गल्ली हसली. झुलालभाऊ हसले नाहीत. त्यांना माझ्याकडून अहिराणीत सिनेमा करायचा होता, आणि त्याचा शेवट उद्याच मिळणार होता. आमच्या खानदेशाची देवी कानबाई विसर्जनासाठी डोक्यावरून नदीवर निघते ती वर्षातून एकदाच.

००:०३:४०
माझी पूजा झाली. झुलालभाऊंच्या काकू, धुरपदाबाई, साऱ्या गावाच्या अक्का. त्यांनी ओलं कुंकू लावलं ते थेट माझ्या काचेवर. झुलालभाऊंनी सदऱ्याच्या टोकाने पुसलं. पुसलं म्हणजे पसरवलं.

(इथे टेप थोडी कुरतडली आहे.)

००:११:०२
सोमवारची सकाळ. गेल्या चाळीस वर्षांप्रमाणे कानबाई अक्कांच्याच डोक्यावर. उन्हात माझ्या छोट्या पडद्यावर भाऊंना काही दिसेना. ते अंदाजाने चालत होते. मला मात्र सगळं गुलाबी, धुरकट दिसत होतं. बायका गात होत्या, नदी हवेत तरंगत होती. अक्का पाऊल टाकण्याआधी अंगठ्याने जमीन चाचपत होत्या. ते मी टिपलं. समजलं नाही.

संध्याकाळी मला टीव्हीला जोडलं. झुलालभाऊंनी कपाळाला हात लावला. सिनेमाचा शेवट धुक्यात गेला होता. अक्का एकट्या शांतपणे बघत होत्या.

"चांगलं ते शे," त्या म्हणाल्या. "माले रोज आसंच दिसस."

भाऊंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग टेप मागे नेली आणि तो चाचपणारा अंगठा तीन वेळा पाहिला. नजर अधू झाली हे कळलं तर कानबाई डोक्यावर देणार नाहीत, म्हणून अक्कांनी दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भाऊ त्यांना धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

(इथे निळा पडदा. बराच वेळ.)

००:२६:१५
पुढचा श्रावण. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या, कानबाई नदीवर पोहोचवून आलेल्या अक्कांनी ती जुनी टेप लावायला सांगितली. थोडा वेळ पाहिलं आणि भुवया आक्रसल्या.

"झुलाल, काचले कुकू लागेल शे. पुसता उनं नही का रे तुले?"

कुंकू कोणी लावलं होतं, ते भाऊंनी आजवर सांगितलेलं नाही. सिनेमाचा शेवट मात्र त्यांनी तोच ठेवला, धुरकट.

आता मी कपाटात असतो. काचेच्या कडेला एक लाल रेघ अजून आहे. मित्रांनो, माझ्यासारखा कोणी हाती आला तर काच मऊ फडक्याने पुसा, सदऱ्याने नको. आणि घरातलं कोणी जमीन चाचपत चालत असेल, तर त्यांना जवळ बसून विचारा, तुम्हाला कसं दिसतं?