मागे पडणारं पाणी

कारंज्याच्या नॉझलच्या पितळी तोंडात अडकलेला वाळूचा कण नखाने निघेना, तेव्हा तिने केसांतली पीन काढली आणि तिच्या टोकाने तो हलकेच उकरला, आणि उकरता उकरता तिच्या मनात आलं, एवढासा कण, पण संध्याकाळी याच्यापायी एक धार वाकडी जाणार, काठावरच्या एवढ्या माणसांतल्या एकालाही ते कळणार नाही, मला मात्र कळणार, आणि मग घरी पोचेपर्यंत ते माझं डोकं खाणार... नॉझल तिने तळ्याकाठी उभ्या असलेल्या फिटरच्या हातात दिलं. "मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही," तो म्हणाला. कौतुकाने म्हणाला की वैतागून, हे तिला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

चुका काढणं हा तिचा धंदाच होता. बागेतले पाळणे आणि घसरगुंड्या संध्याकाळी थांबल्या की माणसं तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसायची आणि मग कारंजी, धुक्याचा पडदा, त्यावरची चित्रं, ज्वाळा, लेझर असा शो सुरू व्हायचा. त्यातलं काय कधी लागायचं हे कॉम्प्युटरला सांगणारी ती. तिच्या आधी हे काम तिचे सासरे करायचे. शोही मुळात त्यांनीच बसवलेला. आज सकाळी चहाच्या वेळी त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं होतं, "काय सूनबाई, आज कुणाची चूक काढायची?"

"काही नाही बाबा, नेहमीचंच काम आहे." असं म्हणाली खरी, पण चहा अर्धाच टाकून उठली. कारण आजची चूक त्यांचीच होती.

ती सगळ्यांना माहीत होती. शोच्या शेवटी मधलं मोठं कारंजं ढोलाच्या ठोक्यावर उसळायचं, पण ठोका आधी आणि पाणी मागून, अगदी किंचित. बूथमधले ऑपरेटर त्याला 'म्हाताऱ्याची डुलकी' म्हणायचे, ती जवळ नसताना. जुनं मशीन काढून कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्या वेळा जशाच्या तशा उतरवून घेतल्या गेल्या, डुलकीसकट. पण आता पायऱ्यांच्या पुढे, अगदी पाण्याला लागून, जादा तिकिटाची नवी गॅलरी झाली होती, ती आज उघडणार होती, आणि साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "पहिल्या रांगेत बसणारा माणूस डोळे फाडून बघणार. शेवट सुतासारखा सरळ हवा."

सोपं काम. तासाभराचं. तरी दुपारपर्यंत तिचा हात चालला नाही, कारण हातात घेतलं की बघतच बसावं असं ते काम होतं. पाण्याला वर चढायला वेळ लागतो, म्हणून त्याला ठोक्याच्या आधी बोलवावं लागतं. उंच धारेला बरंच आधी, बुटक्या धारेला जरासं. आणि वर गेलेलं पाणी खाली यायच्या आत पुढच्याला निरोप गेलेला असावा लागतो... हे आज कॉम्प्युटर चुटकीसरशी मांडून दाखवतो. बाबांनी ते कानाने केलं होतं. धुक्याच्या पडद्यावरची ती बाई हात वर करते आणि तिच्या बोटांतून खरं पाणी फुटतं, त्या जागी अजून, रोज बघून बघूनही, माझ्या अंगावर काटा येतो. असा माणूस शेवटी डुलकी घेईल? पण यंत्रापुढे कुणाचं काय चालतं, असं म्हणून तिने तो विषय मनातल्या मनात मिटवला होता.

तळ्याचा भाग संध्याकाळपर्यंत बंद होता. ऑपरेटरला तिने वॉकीटॉकीवरून सांगितलं, फक्त शेवट लाव, मी थांब म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा लाव. उन्हात दिवे फिके दिसत होते, पण पाणी उठत होतं, ठोका पडत होता, आणि ती नव्या गॅलरीत उभी राहून दोघांमधलं अंतर मोजत होती. मागे. पुन्हा मागे. तेवढंच मागे. शेवटी घसा कोरडा पडला आणि ती पाणी प्यायला बाहेरच्या गेटजवळच्या नळाकडे निघाली. ऑपरेटरला थांब म्हणायचं राहूनच गेलं.

ओंजळ तोंडाशी नेताना तिने सहज मागे वळून बघितलं. लांब, झाडांच्या वर, मोठं कारंजं उसळलं, आणि त्याच क्षणी ठोका पडला.

ती तशीच उभी राहिली. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा कारंजं, पुन्हा ठोका, दोन्ही एकदम, मध्ये केसाचंही अंतर नाही. अर्थातच, तिने स्वतःला बजावलं, आवाजाला इथवर यायला वेळ लागतो, स्पीकर सगळे पाण्यापाशी, म्हणून तिथे मागे पडणारं पाणी इथे जमून येतं, यात काय मोठंसं... पण तोवर तिचे पाय चालू लागले होते. "शोचा मध्य लाव," ती वॉकीटॉकीत म्हणाली. मध्य गेटपाशी जमत नव्हता. ती वाटेने तळ्याकडे येत राहिली आणि वळणावरच्या बाकापाशी तो जमला. गेटकडे सरकलं की आवाज मागे राही, तळ्याकडे सरकलं की पाणी. मग सुरुवात लावली. सुरुवात जमली ती थेट पायऱ्यांवर.

"मॅडम, नक्की काय शोधताय?" ऑपरेटरने विचारलं.

म्हणजे हा शो एका जागी थांबलेला नव्हताच. तो पायऱ्यांवरून उठत होता, वळणाशी येत होता आणि शेवटाला गेटपाशी पोचत होता — लवकर निघणाऱ्या माणसांबरोबर. बस चुकू नये म्हणून उठणारी, पेंगुळलेलं पोर खांद्यावर टाकून निघालेली, चार पावलं जाऊन मागे वळून बघणारी माणसं... लग्न ठरलं तेव्हा नवरा तिला म्हणाला होता, "बाबांचा शो मी कायम उलटाच बघितलाय." लहानपणी तो ज्वाळांच्या आवाजाला घाबरून भोकाड पसरायचा, मग आई त्याला उचलून बाहेर न्यायची, आणि शेवट त्याला दिसायचा तो आईच्या खांद्यावरून, गेटकडे जाता जाता. तेव्हा ती हसली होती. आता तिला हसू येईना. कुणी आपल्या माणसांसाठी अख्खं तळं असं हळूहळू वळवून ठेवावं, आणि तोंडातून एक शब्द काढू नये, आणि आम्ही त्याला डुलकी म्हणावं. तिला लाज वाटली, आणि त्या लाजेहून मोठं कौतुक वाटलं.

पण चुका काढणारं डोकं गप्प बसतं थोडंच. मंद घड्याळही असंच मागे पडतं की, एकसारखं, थोडं थोडं... शहाणी असशील तर विचार.

बाकावर बसून तिने घरी फोन लावला.

"बाबा, शोच्या शेवटी पाणी मागे पडतं ना..."

"पडतं." मागे टीव्ही चालू होता. "म्हणजे आज माझ्याच चुकीचा नंबर होता तर."

"मुद्दाम ठेवलं होतंत का तुम्ही?"

"मुद्दाम उशीर कोण करतं गं? मशीनचं घड्याळ मंद होतं. नवीन मागून मागून दमलो. मग म्हटलं, जाऊ दे."

ती 'बरं' म्हणून फोन ठेवणार, तोवर तेच पुढे म्हणाले, "तुझ्या सासूबाई मात्र म्हणायच्या, शेवट काय जमतो हो तुमचा. दर वेळी म्हणायच्या, शेवटचं दुखणं आलं तेव्हासुद्धा. मी आपलं समजायचो, माझं मन राखतेय बिचारी."

"तुम्ही कधी बाहेरून नाही बघितलात?"

"मी आत बसलेला. बाहेरून बघणार कधी?"

तिने डोळे मिटले. सांगावं की नाही, असा प्रश्न खरं तर नव्हताच. "बाबा, आई तुमचं मन राखत नव्हत्या. गेटपाशी उभं राहिलं की शेवट खरोखर जमतो. मी आत्ता ऐकून आलेय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बाबा?"

"आहे." मग, "आज मी आलो, तर गेटपाशी उभं राहू देतील मला?"

"देतील," ती म्हणाली.

दिवेलागणीला ती बूथमध्ये बसली होती. समोर दोन फाइली, एक जुनी, एक सरळ केलेली. साहेब डोकावून गेले. "झालं ना?" "झालंय," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. शेवट सरळ करून गेटपाशी वेगळा स्पीकर लावता आला असता, पण तो लागणार महिन्याने, आणि वाटेवरच्या माणसांचं काय? काचेतून गॅलरीची पहिली रांग भरताना दिसत होती. गेट इथून दिसत नव्हतं, बाबांनाही ते कधी दिसलं नव्हतं.

तिने हात की-बोर्डवर ठेवला. बाबांनी हे केलं नव्हतं, झालं होतं; इतकी वर्षं ती नुसती चूक होती, कुणाचीच नाही. पण आज मी सगळं कळून सवरून ती लावली तर ती चूक राहणार नाही, ती मी केलेली गोष्ट होईल, आयुष्यात पहिल्यांदाच दुरुस्त न करता केलेली... पहिल्या रांगेतला कुणीतरी, माझ्यासारखाच, कपाळाला आठ्या घालून शेजारच्याला म्हणेल, शेवटी पाणी जरा मागे पडलं हं — आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ते वाक्य आपल्याविषयी कुणीतरी बोलावं, असं तिला फार फार वाटत होतं.