तिसरी शिट्टी

मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी अण्णांच्या आवाजावर ध्यान चाले. अण्णांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण रुक्मिणीबाईंच्या घरी बसून त्यांनी सांगितलेलं ध्यान कॅसेटवर राहिलं होतं. पुढे ते मोबाइलमध्ये उतरवलं, तरी सगळे त्याला कॅसेटच म्हणत.

त्या कॅसेटमध्ये एक गंमत होती. "श्वास येतोय, जातोय, फक्त पाहा," असं अण्णा म्हणत असतानाच आतून कुकरची तिसरी शिट्टी होई आणि रुक्मिणीबाईंचे यजमान राजाराम ओरडत, "रुक्मिणी, उठ गो, डाळीचो लगदो होतलो!" मिटल्या डोळ्यांनी सगळा हॉल हसे. राजारामांचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. "नाकात वारा जाता-येता, ता बघूक गुरू कित्याक व्हयो?" असं ते अण्णांना तोंडावर विचारत, आणि अण्णाच पोट धरून हसत.

राजाराम गेल्या माघात गेले. रुक्मिणीबाई रडल्या नाहीत. तेरावं झाल्यावर त्या हॉलमध्ये नेहमीच्या जागी येऊन बसल्या.

"ह्याला म्हणतात समता," शेजारची वसुधा सगळ्यांना सांगे. "शिका जरा!"

रुक्मिणीबाई आपलं आसन पसरत. दात काढल्यावर गाल बधिर होतो, तसं त्यांच्या आत सगळं झालं होतं. हेच का साधनेचं फळ, हे विचारायला अण्णाही नव्हते. फक्त तिसऱ्या शिट्टीला हाक आली की त्यांचा गुडघा आपसूक उठायला हले. तेवढंच शिल्लक होतं, आणि तेवढ्यासाठीच त्या येत.

एका रविवारी मोबाइलवर कॅसेट लावणारा निलेश खुशीत म्हणाला, "काकू, कॅसेट साफ करून घेतली. खरखर, शिट्टी, आरडाओरडा, सगळं काढलं. आता नुसते अण्णा. एकदम झकास!"

ध्यान सुरू झालं. "श्वास येतोय, जातोय, फक्त पाहा." पुढे स्वच्छ शांतता. रुक्मिणीबाईंचा गुडघा हलला.

"आले हो," त्या म्हणाल्या.

ध्यान संपल्यावर निलेशने विचारलं, "काकू, मध्येच काय बोललात? डोळा लागला काय?"

"लागला असेल रे. ती आधीची आहे का कुठे?"

"तिच्यावरच केली ना सेव्ह. मूळ कॅसेट तर कधीच बुरशीने गेली."

"बरं," म्हणत त्यांनी आसनाची घडी केली.

"किती शांत वाटलं ना गं आज?" वसुधा म्हणाली.

"हो."

घरी येऊन त्यांनी डाळ लावली आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. तिसरी शिट्टी झाली. चौथी झाली. रुक्मिणीबाई कुकरकडे बघत तशाच उभ्या होत्या.