तुफान नऊ, झुळूक तीन

माझा नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे, पण तो चिप बनवत नाही. तो त्यांना नावं ठेवतो. पगार घेऊन नावं ठेवणारा आमच्या घरातला तो पहिलाच. बाकीच्यांनी हे काम आजवर फुकटच केलं.

चिप म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. पण तो मेंदू कसा चालतो हे नामकरण खात्यात कोणी विचारायचं नाही. इंजिनियर बैठकीला बसले की म्हणे नावं कंटाळवाणी होतात. म्हणून इंजिनियरांना बाहेर ठेवून हे लोक ‘अल्ट्रा’, ‘प्रो’, ‘मॅक्स’ असे शब्द एकापुढे एक मांडतात, आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा आहे ना एवढं बघतात आणि चहा पिऊन उठतात. पुढचे प्रयोग घरी आमच्यावर.

"आई, तुफान सात प्रो की तुफान सात प्लस? कुठलं जास्त वेगवान वाटतं?"

"आधी जेव," सासूबाई म्हणतात.

माझं काम निराळं. इमारत बांधायच्या आधी मी ती पडद्यावर उभी करते. चित्रातला माणूस दारातून आत शिरतो, जिना चढतो, खिडकीशी उभा राहतो. बरीच वर्षं मिळतील ती सुटी कामं केल्यावर एका मोठ्या ऑफिसने मला कायमच्या नोकरीसाठी बोलावलं. सोमवारी त्यांच्यासमोर एक दवाखाना फिरवून दाखवायचा होता. त्या नोकरीत माझा जीव अडकला होता. आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपचा पडदा गेला.

"काळजी करू नकोस," नवरा म्हणाला. "माझ्या बायकोला मी ऐरागैरा लॅपटॉप देईन का?"

तो तुफान नऊ अल्ट्रा मॅक्सवाला लॅपटॉप घेऊन आला. हे नाव त्याचं स्वतःचं. त्याबद्दल कंपनीने दिलेली काचेची ढाल आमच्या टीव्हीशेजारी उभी आहे, आणि ती मलाच पुसावी लागते. येताना आईला पत्ते खेळायला म्हणून दुकानातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉपही त्याने आणला. त्यातली चिप झुळूक तीन.

मी तुफानावर दवाखाना उघडला. पंखा असा घोंघावला की सासूबाई खिडक्या लावायला उठल्या. चित्रातला माणूस आत शिरला, जिन्याशी गेला आणि एक पाय वर उचलून तिथेच थिजला.

"सेटिंग असेल," नवरा म्हणाला, आणि शनिवारभर सेटिंग करत बसला. माणसाचा पाय काही खाली येईना.

मला रडू यायला लागलं होतं. शेवटी मी जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि तोच दवाखाना त्याच्यावर पहिल्यांदाच चालवून पाहिला. माणूस त्याच पायरीवर, तसाच पाय उचलून थांबला.

"याच्यात कुठली चिप आहे?" मी विचारलं.

"तुफान पाच."

"आणि नव्यात?"

नवरा खुर्चीत बसला. "अगं, पाचचा माल गोदामात पडून होता. वरून सांगितलं, नवं नाव द्या."

"म्हणजे चिप तीच?"

"माझ्या लक्षातच राहिलं नाही गं. नाव इतकं छान जमलं होतं!"

माझं डोकं फिरलं. लोकांना फसवणारे पुष्कळ पाहिले होते, पण स्वतःच्याच नावाला भुलून बायकोला खड्ड्यात घालणारा हा एकच. "मग खरी नवी चिप आहे तरी कुठे?"

"ती आली तेव्हा मोठे आकडे पाचवाल्यांना देऊन संपले होते," तो पुटपुटला. त्याची नजर सासूबाईंच्या मांडीवर गेली.

सासूबाईंनी लॅपटॉप घट्ट धरला. "माझा डाव संपू दे."

डाव संपला. झुळूक तीनवर माणूस भराभर जिना चढला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. मी सासूबाईंना मिठी मारली. नवऱ्याला मारली नाही.

सोमवारी दवाखाना सगळ्यांना आवडला आणि नोकरी मिळाली. मोठ्या साहेबांनी मात्र माझ्या लॅपटॉपवरची झुळूकची पट्टी वाचली आणि ते कळवळले.

"असल्या डब्यावर एवढं काम केलंत? आता हाल संपले तुमचे. इथलं काम इथल्याच मशीनवर करायचं, असा आमचा नियम आहे."

माझ्या टेबलावर कोरं मशीन मांडलेलं होतं. पट्टी सोनेरी, तुफान दहा अल्ट्रा मॅक्स प्रो. मी दवाखाना उघडला. पंखा घोंघावला, माणूस जिन्याशी गेला आणि त्याने पाय उचलला.

मी नवऱ्याला फोन लावला. "तुफान दहा काय भानगड आहे?"



"नऊचा थोडा माल उरला होता," तो म्हणाला. "पण खरं सांग, नाव कसं वाटतं?"