प्रोटॉनच्या डाव्या हाताला

प्रयोगाच्या दालनातला कार्बनचा ठोकळा हलवणार म्हणून ताई आणि मी मुद्दाम गेलो होतो. आमचं जुनं यंत्र मोडीत निघालं होतं. क्रेनवाल्यानं विचारलं, डावीकडून उचलू का? आम्ही दोघी एकदमच बोललो, "कुणाच्या डावीकडून?" तो बघतच राहिला, आणि मला नाना आठवले.

नाना आमचे गुरू. ताई त्यांची पहिली विद्यार्थिनी, मी शेंडेफळ. प्रोटॉन जिकडे जातो तिकडे तोंड करून उभं राहिल्यावर जे ठरेल तेच डावं आणि तेच उजवं, असा त्यांचा दंडक. घरी जेवतानासुद्धा मीठ "प्रोटॉनच्या डाव्या हाताला" असायचं. काकू म्हणायच्या, या घरात आधी प्रोटॉन जेवतो, मग मी.

नाना शिकवायला लागले की निरूपणच व्हायचं. दाखले देत लांब जायचे, वाटायचं आता हरवले, आणि अलगद मूळ पदावर यायचे. प्रोटॉनमध्ये विजेचा भार आणि चुंबकत्व सारखंच पसरलेलं असतं, हे त्यांचं मूळ पद. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन मारून, कोणत्या कोनात किती उडतात ते मोजलं होतं. कितीही जोरात मारा, दोघांचं प्रमाण बदलत नाही, असं त्यांना आढळलं. त्या प्रमाणाची सरळ आडवी रेघ नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर आलेखात होती.

ताईनं वेगळी वाट धरली. सगळे इलेक्ट्रॉन एकाच दिशेची फिरकी घेऊन येतील असा झोत सोडायचा. धडकेत त्या फिरकीचा वाटा प्रोटॉनला मिळतो. तो घेऊन प्रोटॉन कार्बनच्या ठोकळ्यात शिरला की एका बाजूला जरा जास्त वळतो. बाजूंमधला हा फरक मोजला की प्रोटॉनची फिरकी कळते, आणि तिच्यावरून ते प्रमाण.

पण ताईचे ठिपके नानांच्या रेघेवर बसेनात. धडक जितकी जोराची, तितका ठिपका खाली. ताईनं सगळा दोष यंत्राला दिला. माझ्याकडून प्रोटॉनची वाट टिपणाऱ्या तारांच्या पेट्या पुन्हा खोलून घेतल्या, ठोकळा पुन्हा ओळंब्यात आणवला. झोताचा मिळालेला वेळ संपत आला. मी म्हटलं, ताई, यंत्र बिचारं खरंच बोलत असेल तर? ती म्हणाली, तू आधी तुझ्या तारा बघ. नाना दारात दिसले की पडद्यावर ती दुसरंच काही लावायची.

शेवटी एका दुपारी नानांनीच खुर्ची ओढली आणि सगळं दाखवायला लावलं. बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "पोरी, यंत्रात एवढा दोष शोधलास. माझ्या रेघेत का नाही शोधलास?"

"कुठल्या तोंडानं शोधू, नाना?"

नाना इलेक्ट्रॉनची फिरकी उलटी करू या म्हणाले. ज्या लेझरनं इलेक्ट्रॉन सुटतात, त्याच्या वाटेत एक पातळ काच सरकवली की ती उलटते. फरक प्रोटॉनचा असेल तर तोही उलटेल, यंत्राचा असेल तर जागचा हलणार नाही. काच सरकवायचं बटण नानांनी स्वतः दाबलं. आकडे जमेपर्यंत मी मनात नाम घेत होते, पण देवाकडे मागावं काय तेच कळत नव्हतं. डावीकडचं उजवीकडे गेलं, तेवढ्याच मापानं.

नाना उठून भिंतीपाशी गेले. पेन्सिल मागितली. ताईनं आकडा सांगितला, आणि आपल्या रेघेच्या खाली त्यांनी आपल्या हातानं ठिपका दिला. चष्मा कपाळावर सारून जवळून बघत राहिले. मग म्हणाले, "अजून जोरात मारलं तर कुठवर उतरेल गं हा?" आवाजात कसली म्हणून खंत नव्हती. गोष्ट अर्धी राहिल्यावर पुढे काय म्हणून पोर विचारतं, तसं विचारत होते.

आज नाना नाहीत. ताईचे केस पांढरे झालेत. तिनं क्रेनवाल्याला प्रोटॉन जायचे तिकडे तोंड करून उभं केलं, त्याचा डावा हात धरून दाखवला, आणि ठोकळा उचलला गेला. त्या जागेची फरशी अजून नवी दिसत होती.

नियंत्रण कक्षातला आलेख तिनं टाचण्या काढून अलगद उतरवला. काकूंकडे द्यायचा का, मी विचारलं.

"नको. माझ्या विद्यार्थ्यांच्या खोलीत लावते," ती म्हणाली. "रेघेसकट."