खडू ज्याच्या हाती

बाईंच्या वर्गाचा नियम साधा होता: ज्याच्या हाती खडू, त्यानेच बोलायचं, खडू हवा असेल तर हात वर करायचा. बाईंनीसुद्धा. शिकवणाऱ्याने अक्कल पाजळायची आणि पोरांनी माना डोलवायच्या, याचा त्यांना मनापासून तिटकारा. खुर्च्या गोल मांडलेल्या, फळा मागे पोरका. विद्यापीठातल्या इतर प्राध्यापकांनी त्यांचं नाव 'मौनीबाई' ठेवलं होतं. ज्यांना स्वतःच्या तासाला श्वास घ्यायची फुरसत नसे, त्यांनीच ते ठेवलं होतं म्हणा.

त्या दिवशी सकाळी विभागप्रमुखांनी त्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वरून वारा आला की वाकायचा, एवढंच.

"मॅडम, तुम्ही वर्गात बोलतच नाही म्हणे. मग पगार कशाचा, असं वरून विचारलंय. तुमचं कंत्राट आज संपतंय, ते वाढवायचं नाही म्हणतात."

"मुलांना विचारलंय कुणी?"

"तेच म्हणतोय. मुलं येऊन मला म्हणाली, मॅडम हव्यात, तर मी भांडायला मोकळा. पण तुमचा तास संपला की कागद वर जाईल. आत्ताच सांगा त्यांना."

दोन वाक्यांचं तर काम. बाईंना नोकरी हवी होती. पन्नाशीत पुन्हा अर्ज घेऊन दारोदार हिंडायची त्यांना भीती वाटत होती, आणि ही पोरं सुटतील याची त्याहून जास्त.

पण त्या वर्गात पोचल्या तेव्हा खडू फिरायला लागला होता. विषय होता, वर्गात सक्ती कशाची असावी. एक म्हणाला हजेरीची, दुसरीने त्याला उभाआडवा घेतला, तिसरा आगीत तेल ओतून मोकळा. बाईंनी हात वर केला. खडू त्यांच्याकडे यायला निघाला, तोच समोर आणखी एक हात वर झाला.

तो घुमीचा होता. वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली पोरगी. बाईंनी तिला चुचकारलं, गटाची प्रमुख केलं, 'तुला काय वाटतं ग?' म्हणून गाठलं. ढिम्म.

खडूवाला मुलगा गोंधळला. "मॅडम, तुमचा हात आधी होता."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "तिला दे."

घुमी खडूकडे बघतच बोलली. "मी लाजाळू नाहीये. वर्षभर सगळे 'बोल, बोल' म्हणत होते. मॅडम तर सगळ्यात जास्त. ही पण सक्तीच ना? मी ऐकत होते. इथे ऐकण्याला किंमतच नाही."

बाईंना ते लागलं, चांगलंच लागलं. आणि आनंदही असा झाला की डोळे भरून आले. वर्गात एकच गिल्ला झाला. घुमी खडू सोडेना. एकेकाला उत्तर देत सुटली. बाईंनी पुन्हा हात वर केला, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती? ओरडल्या असत्या तर सगळे गप्प झाले असते. पण नियम त्यांचाच होता.

तास संपला. पोरं भांडतच बाहेर पडली. घुमी मागे रेंगाळली.

"सॉरी मॅडम, तुमचं राहिलंच. महत्त्वाचं होतं का काही?"

आता हिला सांगितलं, तर ही जन्मात पुन्हा हात वर करायची नाही.

"नाही ग," बाई म्हणाल्या. "तुझंच महत्त्वाचं होतं."

"मग पुढच्या तासाला पहिला नंबर तुमचा," म्हणत घुमीने खडू जपून पिशवीत टाकला.