टाकून दिलेली मोजमापे

विभागप्रमुख तिचे सख्खे मामा होते आणि प्रयोगशाळेच्या दारात त्यांचे सर होत. हा बदल दिवसातून अनेकदा, दोन्ही दिशांनी, विनासायास घडे. निसर्गाचेही असेच असते, असे त्यांचे मत होते. अणूंच्या नियमांना मागे-पुढे कळत नाही, हे वाक्य त्यांनी इतक्या व्यासपीठांवरून ऐकवले होते, की ते त्यांनाच सुचले असावे असा पुष्कळांचा समज झाला होता, त्यांचा स्वतःचाही.

प्रयोग असा: स्फटिकातली अणुकेंद्रे म्हणजे बारीक चुंबकच. रेडिओलहरींचा एक झटका देऊन त्यांना एका दिशेला वळवायचे. ती एकमेकांत गुंतत पांगतात, संकेत विझतो. मग दुसऱ्या झटक्याने त्यांचा आपसातला व्यवहार उलटा फिरवायचा. सारी आल्या वाटेने परततात आणि विझलेला संकेत पुन्हा उमटतो. त्याला प्रतिध्वनी म्हणत. सरांच्या शोधनिबंधात तो अक्षत उमटला होता. निबंधावर दुसरे नाव भाचीचे होते आणि तो छापायला धाडण्याआधी विभागाच्या दुपारच्या बैठकीत तिने होकार देणे तेवढे बाकी होते.

घोळ एका जुन्या रीतीत होता. पूर्वीचे यंत्र तापले की बहकायचे. म्हणून प्रतिध्वनी क्षीण आला, की यंत्राचा दोष धरून ते मोजमाप टाकून देत. यंत्र बदलले, रीत राहिली. रीतींना निवृत्तीचे वय नसते. नापासांना आधीच घरी धाडून शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळेसारखा हा अक्षत प्रतिध्वनी सिद्ध झाला होता. तिने टाकलेली मोजमापे परत आत घेतली, तेव्हा आलेखाची रेषा उतरत गेली. दोन झटक्यांमध्ये जितका अधिक वेळ, तितका प्रतिध्वनी कमी.

"मग झटके नीट बसले नसतील," सर म्हणाले. "समीकरण दोन्हीकडे सारखंच चालतं. का त्यालाही नापास करतेस?"

"समीकरण बरोबरच आहे. पण ते सगळ्यांना मिळून आहे, सर. आपण आपली केंद्रं तेवढी उलटवली. त्यांनी तोवर शेजारच्या अणूंच्या कानात काय काय सांगून ठेवलंय, ते कोण परत आणणार?"

"शेजार म्हणजे नुसता गोंगाट."

"हरवलेलं काहीच नाही. फक्त इतकं पांगलंय, की गोळा करायला सगळं जगच उलटं फिरवावं लागेल. आपल्याला सापडलंय ते हेच."

त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्या आईनं तुला माझ्याकडे पाठवलं, तेव्हा तुला साधा फ्यूज बदलता येत नव्हता."

"अजूनही येत नाही."

"दुपारी गप्प बस. घरी बोलू."

घरी बोलू म्हणजे बोलायचे नाही, हे त्या कुटुंबात लहानथोरांना ठाऊक होते.

बैठकीत सरांनी "सर्वांची संमती आहेच" असे म्हणून कागद मिटायला घेतले. ती उठली, फळ्यावर उतरती रेषा काढली आणि काय टाकले जात होते ते सांगितले.

"किती टाकली?" मागून कोणीतरी विचारले.

"निम्म्याहून जास्त."

संध्याकाळी मामा तिच्या टेबलापाशी आले. "अजून छापलेलं नाही. ‘हिशेबात माझी चूक झाली’, एवढं तू म्हण. सगळं होतं तसं होईल."

असे म्हणायला कोणताच नियम आड येत नव्हता. पण बैठकीतला प्रत्येक जण एव्हाना आपापल्या खोलीत पोचला होता. पलीकडच्या खोलीत दोघे जण स्वतःची जुनी मोजमापे उघडून बसले होते. त्यांचा दबका वाद भिंतीतून ऐकू येत होता. मामांनाही तो ऐकू येत होता.

"मी म्हणेन हो," ती म्हणाली. "पण त्यांचं काय?"

मामांनी निबंधाच्या प्रतीवरचे तिचे नाव पेनने खोडले. घाई न करता, दोनदा.

रविवारी मामींचा फोन आला. "काय गं, तू जेवायला येणार नाहीस म्हणतात हे."

"मी असं म्हटलं नव्हतं, मामी."

"मग येतेस?"

"नाही," ती म्हणाली आणि मामींनी आग्रह केला नाही.